दोनदा होय

बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारला साक्षात्कार झाला. मागास भागाचं उत्पादन वाढवायचं, आणि कसं वाढवायचं ते गावानंच ठरवायचं. वा रे वा! इतकी वर्षं आमचं शहाणपण कुठं गहाण पडलं होतं कोण जाणे. अक्कलकोटकडच्या एका कानडी बोलणाऱ्या गावात ठरवायचा मान पंच चनबसप्पाला मिळाला.

चनबसप्पा भुईमूग पिकवायचा, म्हणजे पाऊस पिकवू देईल तेव्हा. गावच्या विहिरीला तळाशी काळा खडक लागलेला. सुरुंगानं तो फोडला की पाणी, हे शेंबडं पोरही सांगे. तोवर चनबसप्पाची बायको बसव्वा लांबच्या ओढ्यावरून घागरी वाहत होती. तिची मान पार कामातून गेली होती. "औंदा तुझ्या डोक्यावरची घागर उतरवतो," असा शब्द त्यानं तिला दिला होता.

तालुक्याचे साहेब जीपमधून आले आणि विकेंद्रीकरणावर तासभर बोलले. शेवटी घड्याळ बघत त्यांनी विचारलं, "मग विहिरीचंच काम हवं ना?"

चनबसप्पाला मराठी चांगली येई, पण आनंदात माणूस आईच्याच भाषेत बोलतो. "हौदु, साहेब, हौदु," तो म्हणाला. कानडीत हौदु म्हणजे होय.

जीपमध्ये बसल्यावर साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "विहीर नको, हौद पाहिजे म्हणतात. दोनदा म्हणाले, दोन लिहा."

लगोलग सिमेंट आलं. काम चुकीचं असलं की सरकारचा हात कसा झरझर चालतो! चनबसप्पा धापा टाकत तालुक्याला गेला.

"साहेब, आमाला हौद नको हुता. हिरीतला खडक फोडायचा हुता की."

"गावाचा निर्णय आम्ही कसा फिरवणार?" साहेब प्रेमानं म्हणाले. "अधिकार आता तुमचे आहेत."

अधिकार खाली आले, पाणी होतं तिथंच राहिलं.

उद्घाटनाला हौद कोरडे दिसू नयेत म्हणून गावातल्या बायकांना पाणी भरायला लावलं. बसव्वा पहाटेपासून ओढ्याच्या खेपा घालत होती. चनबसप्पाला तिच्याकडं बघवेना. तेवढ्यात साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय चनबसप्पा, आता गाव खूष ना?"

सवयीनं त्याचं तोंड उघडलं, "हौ..."

बसव्वानं घागर खाली ठेवली आणि ओल्या हातानं त्याचं तोंड दाबलं.

"गप बसा की," ती म्हणाली. "तिसरा भरायला माझ्या मानंत जोर न्हाय."