गोलकीपरच्या गालावरची तीट

अख्ख्या अमिरातीत माझ्या साडूंइतका कौतुकाचा कंजूष माणूस सापडायचा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. नवीकोरी गाडी शोरूममधून आणली तेव्हा मी पेढे मागितले, तर हा गृहस्थ बॉनेटवर थाप मारून म्हणतो, "डबा आहे हो. चालतोय तोवर चालवायचा." ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी आणि यांची बायको, अशी पुरणपोळी करतात की अल कुसैसमधली त्यांची अर्धी बिल्डिंग वास घेत दारात येते, आणि साडू चौथी पोळी वाढून घेताना म्हणतात, "ठीक. काही खास नाही." माझं लग्न ठरवताना सासऱ्यांनी मोठे जावई म्हणून यांचं मत विचारलं. यांनी भरल्या बैठकीत, माझ्या वडिलांच्या देखत सांगितलं, "मुलगा यथातथाच आहे." आमची ही अजून भांडणात ते वाक्य काढते. साहजिकच पुष्कळ वर्षं मी या माणसावर खार खाऊन होतो.

मग एकदा हिनंच मला त्यातली गोम सांगितली. ओंकारच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, आधी त्यांना एक मुलगी झाली होती. बारशाला तिला हातांवर घेऊन साडू साऱ्या गोतावळ्यासमोर म्हणाले होते, "माझ्या लेकीसारखं देखणं बाळ उभ्या डोंबिवलीत दाखवा!" वर्षाची व्हायच्या आत ती तापानं गेली. डॉक्टरांनी मेंदूज्वर सांगितला. यांनी ते कानाआड केलं आणि सगळा दोष स्वतःच्या जिभेला दिला. तेव्हापासून जे जे आवडेल त्याला नावं ठेवायची, म्हणजे कुणाची नजर तिकडे वळणार नाही, असा यांचा कारभार. जितका जीव जास्त, तितकी नालस्ती जास्त. बैठकीत त्यांनी माझं केवढं कौतुक केलं होतं, ते मला तेव्हा कळलं! घरात मात्र त्या बाळाचा विषय कुणी काढत नसे. आपल्याला एक बहीण होती, हे ओंकारलाही ठाऊक नव्हतं.

आणि ओंकार म्हणजे तर यांचा जीव की प्राण, त्यामुळे त्याची नालस्ती अहोरात्र. पोरगा इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. गेल्या वर्षी फायनलला त्यानं शेवटची पेनल्टी अडवली आणि कप कॉलेजला मिळाला. झालं! यंदा सीझन सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी कप कपाटात ठेवून टाकला. प्रिन्सिपल म्हणाले, यंदाही आपलाच. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुष्पगुच्छांचा पाऊस पडला. कॉलेजच्या गेटवर माणसापेक्षा मोठा बॅनर लागला, त्यात हवेत झेपावलेला ओंकार. साडूंनी तो पाहिला.

लगेच मला फोन. "गाडी काढा. काम आहे." मला वाटलं, चला, बापाला एकदाचा अभिमान वाटला, फोटो काढायचा असेल. गेटपाशी उतरून या माणसानं खिशातून जाडजूड काळा मार्कर काढला, फुटपाथच्या कठड्यावर चढून बॅनरवरच्या पोराच्या गालावर टपोरी तीट लावली! सिक्युरिटीवाला धावत आला. "अरे अंकल, ये क्या कर रहे हो?" साडू शांतपणे मार्करला टोपण लावत म्हणाले, "तिल है. फोटोवाला भूल गया था." तो बिचारा एकदा बॅनरकडे, एकदा यांच्याकडे पाहून "अच्छा" म्हणाला आणि परत जाऊन बसला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होतो. ओंकारला मात्र हसू आलं नाही. टीममधली पोरं त्याला चिडवायला लागली होती. "ही थिंक्स आय ॲम अ जोक, काका," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "अरे, तसं नाही रे, तुझे बाबा..." आणि पुढचे शब्द गिळले, कारण ते सांगण्याचा हक्क ताईंचा होता.

पहिल्या मॅचमध्ये बरोबरी झाली. एवढ्यावरच लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्या मॅचला तर स्टँड खच्चून भरला, प्रत्येकाला यंदाची टीम डोळ्यांनी पाहायची होती. सगळे पालक टाळ्या पिटत होते आणि साडू कुणीही न विचारता शेजारच्यांना सांगत होते, "टीममध्ये दम नाही. कीपर तर नुसतं भोक आहे." मी त्यांचा हात दाबला. ते थांबेनात, टाळ्या वाढल्या की यांचा आवाजही वाढायचा. आम्ही गोलच्या अगदी मागे बसलो होतो. ओंकारनं एकदा वळून पाहिलं. थोड्या वेळानं एक साधा बॉल त्याच्या हातांतून निसटला आणि मॅच गेली.

परतताना मी मागच्या सीटवर होतो. पुढे बापलेक. मग ओंकार म्हणाला, "बाबा, एव्हरीवन एक्स्पेक्ट्स सो मच. जस्ट टेल मी वन्स. ॲम आय एनी गुड?" मी मनात म्हणत होतो, बोल बाबा, आता तरी बोल. साडूंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि म्हणाले, "ठीक. काही खास नाही."

त्या आठवड्यात ओंकारनं कोचकडे जर्सी परत केली. कोचनं समजावलं, मी समजावलं, ताई रडल्या. त्याचं एकच उत्तर, "खलास, काका." त्याच्या जागी दुसरा मुलगा उभा राहायला लागला.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. साडूंनी विचारलं, "नक्की सोडलंस? पुन्हा नाही ना उतरणार?" ओंकारनं मानेनंच नाही म्हटलं. साडूंनी हातातला घास ताटात ठेवला आणि त्यांना कंठ फुटला. "सातवीत तुझा गुडघा फुटला होता, तरी बॉल छातीवर घेतलास. अकरावीत त्या उंच मुलाचा शॉट बोटाच्या टोकानं काढलास. आणि फायनलची पेनल्टी! त्यानं पाय मागे घेतला तेव्हाच तू डावीकडे झुकला होतास. टीव्हीवर इतके कीपर पाहिले रे मी, तुझ्यासारखा एक नाही." फायनलच्या पेनल्टीच्या वेळी बाबा पार्किंगमध्ये जाऊन बसले होते, असंच ओंकारला आजवर सांगितलं गेलं होतं. "देन व्हाय नाऊ?" तो कसाबसा म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही," साडू म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. ताई ओंकारला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लोटल्यावर त्यांचा हलका आवाज बराच वेळ येत होता.

मी पार्किंगमध्ये साडूंवर भडकलो. "अहो, हेच त्या दिवशी गाडीत बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" "आणि काही झालं असतं म्हणजे?" ते म्हणाले. "आता त्याच्याकडे नजर लागण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून बोललो."

परवा ओंकारला नोकरीच्या इंटरव्ह्यूहून आणायला मी गेलो होतो. पोरगा खुशीत होता. "काका, आय नेल्ड इट!" तेवढ्यात साडूंचा फोन. त्यानं स्पीकर लावला. "कसा झाला रे?" ओंकारनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "ठीक, बाबा. काही खास नाही." पलीकडे सुटकेचा श्वास ऐकू आला. "बरं झालं. ये जेवायला. आईनं पुरणपोळ्या केल्यात, खाण्यासारख्या नाहीत."

त्या दोघांचं एकदाचं जमलं, म्हणून माझा ऊर भरून आला. पण रस्ता नेमका कॉलेजवरून जात होता. बॅनरवरचा ओंकार उन्हानं फिकट झाला आहे, तीट अजून दिसते. आतून सरावाची शिट्टी ऐकू आली. "आय मिस इट, काका," ओंकार म्हणाला, आणि त्यानं गाडीची काच वर केली.