कडुबामामाची मूठ

आमचा कडुबामामा चहा पीत नाही, ओढतो. सुर्र्र! आवाज पार पुंडलिकनगरच्या चौकापर्यंत जातो. मग घोट तोंडात खेळवून डब्यात थुंकतो, आणि मोतीरामशेठच्या चहापत्तीच्या दुकानातली सगळी माणसं त्याच्या तोंडाकडं बघत बसतात. मामा 'हं' म्हणाला की पत्ती पुड्यात, 'हॅट्' म्हणाला की परत परातीत.

सव्वीस वर्षं हेच. आसामची पत्ती, निलगिरीची पत्ती, मुठीनं मिसळायची. चहाचा डोंगर मात्र त्यानं पाहिलाय तो दुकानातल्या कॅलेंडरवर. तरी पोतं हुंगून सांगतो, "ही उन्हाकडच्या उताराची हाय बघ." जसा काय कालच चढून आलाय!

यंदा निलगिरीतल्या कुन्नूरच्या मळेवाल्यानं 'डोंगर बघायला ये' म्हणून बोलावणं धाडलं. मामानं शुक्रवारचं तिकीटही काढलं. शेठ नाकातून म्हणाले (ते सगळंच नाकातून म्हणतात), "जा ना बाबा, खुशाल जा. फकस्त मिक्स शिकवून जा."

शिकायला शेठची सून राजनंदिनी बसली, पुढ्यात वजनकाटा. मामानं मूठ टाकली.

"बासष्ट ग्रॅम," ती म्हणाली. दुसरी मूठ. "सत्तर! मामा, नक्की किती?"

"पत्ती दमट हाय वहिनी, म्हणून जास्त."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या हुंगून सांगतो की!"

"उद्या-परवा तुम्ही डोंगरावर असाल ना!"

गुरुवारी वैतागून तिनं आपल्याच अंदाजानं मिक्स केलं, चहा उकळला. वैजापूरचा हॉटेलवाला सर्जेराव पत्ती न्यायला आला होता. घोट घेऊन त्यानं मिशी पुसली. "ब्येस लागतोय बुवा. पण कडुबा म्हनंल ते खरं."

म्हणजे मामानं नुसतं 'हं' म्हणायचं, की सुटला. बॅग कोपऱ्यात भरून तयार होती. शेठचं नाकसुद्धा गप्प. पुडे बांधता बांधता मी मनातल्या मनात मामाचा 'हं' काढून पाहिला, हुबेहूब जमला.

सुर्र्र.

घोट या गालातून त्या गालात गेला. मामाची नजर कॅलेंडरवर. म्हण रे मामा, हं म्हण!

मामा डब्यात थुंकला.

"हॅट्. कडकपणा नाय, घशाला धरतच नाय."

"मी म्हनलो नव्हतो?" सर्जेराव मांडीवर थाप मारून हसला. "ह्यो मानूस गेला की आपलं हॉटेल बसलं!"

"तिकीट रद्द कर मग," शेठ नाकातून.

 मामानं बाही सारली, पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली.

"पावसात भिजलेला उतार हाय," म्हणाला, आणि अर्धी मूठ जास्त टाकली.