तांबरलेलं पाणी

बायजाबाई मीठ घेऊन यायची ती मंगळवारी. पेणला आमच्या दारात टोपली उतरवायची, पदराने मान पुसायची आणि मापटं भरून झालं की वर एक मूठ जास्तीची टाकायची. "लोणच्याला लागंल गो," म्हणायची. लोणचं घालायचं असो वा नसो.

तिचा मुलगा कान्हू बारावी झालेला. खारेपाटातल्या त्यांच्या गावात मिठागरावर कान्हूच्या बापाचा, बाबाजीचा, शब्द चालायचा. कुठल्या वाफ्यातलं पाणी पिकलं हे बाबाजी बांधावरून नुसतं बघून सांगे. पाण्यावर तांबूस झाक आली, पाणी तांबरलं, की मीठ धरायला लागतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळे. कान्हूला कळत नसे. तो वाफ्यात उतरायचा, दोन बोटांत पाणी चोळायचा, जिभेला लावायचा, मग सांगायचा. बरोबर सांगायचा, पण सगळ्यांच्या नंतर.

"अख्ख्या गावाला बांधावरना दिसतं, ह्याला चाटून बघाया लागतं," बाबाजी चारचौघांत म्हणे. "ध्यानच नाय कामात." लहानपणी यावरून कान्हूने दंडावर फावड्याच्या दांड्याचा मारही खाल्ला होता.

त्र्याण्णव साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तपासणी सगळीकडे वाढली. विमानतळावर मालाच्या शेडमध्ये पार्सलं तपासायला माणसं हवीत, अशी एका खाजगी एजन्सीची जाहिरात आली. अर्ज इंग्रजीत होता, म्हणून बायजाबाई कान्हूला माझ्याकडे घेऊन आली. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्नानंतर त्या पदवीचा काही उपयोग झाला असेल तर तो हा. अर्ज मी भरला.

निवड झाली. डॉक्टरने छाती मोजली, भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, आणि सहा आठवड्यांचं प्रशिक्षण सुरू झालं. रविवारी आला की आमच्या ओट्यावर बसून सांगायचा. एक्स-रेच्या पडद्यावर सगळं करडंच दिसतं, एकावर एक चढलेलं. पडद्यापुढे वीस मिनिटंच बसायचं, मग दुसऱ्याने, कारण बघून बघून डोळा मरतो. तार, बॅटरी आणि घड्याळ एकत्र दिसलं की पेटीला हात लावायचा नाही, पट्टा थांबवून साहेबाला बोलवायचं. शेवटच्या परीक्षेत साठ चित्रं दाखवली, त्यातली याने अठ्ठावन्न ओळखली. वर्गात पहिला.

"करड्यातना करडा येगला काढायचा, वैनी," म्हणाला. "लोकांना अवघड जातं. मला काय वाटत नाय त्याचं."

तीन वर्षं कंत्राटावर गेली. शहाण्णव साली शेडमध्ये नवी मशिनं आली, रंगीत पडद्याची. लोखंड निळं दिसतं. कापड, खाणं, साबण, आणि स्फोटकंसुद्धा, नारिंगी. मधलं काही ते हिरवं. या मशिनवरच्या चौघांना कायम करणार होते आणि यादीत पहिलं नाव कान्हूचं होतं. गडबच्या एका मुलीकडचेही कायम झाल्याच्या पत्राचीच वाट बघत होते. पत्र आलं की साखरपुडा, असं ठरलेलं.

अशात एक दिवस शिफ्टचा इन्चार्ज कमळाकर याने चाचणी घेतली. रेडिओच्या पोटात साबणाच्या वडीएवढा नकली ठोकळा ठेवून पार्सल पट्ट्यावर सोडलं. कान्हूने ते जाऊ दिलं. "हिरव्यात एवढं नारिंगी दिसलं नाय तुला?" कमळाकर हसला. "चालतं रे. एकदा चुकतो माणूस."

कान्हूला मात्र ते चाललं नाही. पुढच्या मंगळवारी सुट्टी होती. आईच्या मागोमाग आमच्याकडे आला.

"वैनी, तुमच्याकडं शिवणाचे रंगीत धागे असतात ना? जरा द्या."

मी डबा दिला. त्याने रिळं जमिनीवर ओतली आणि दोन ढीग करायला घेतले. निळी भराभर बाजूला काढली. मग नारिंगी आणि हिरवी. एक रीळ उचलायचा, उजेडाकडे धरायचा, ठेवायचा, परत उचलायचा. ढीग झाले तेव्हा दोन्हींत दोन्ही रंग होते.

"बरोबर हाय?" त्याने विचारलं.

बायजाबाई टोपलीशी बसून बघत होती. तिने माझ्या काचेच्या बरणीतलं लाल तिखट दाखवलं, मग दारातली तुळस दाखवली. त्याने सांगितलं ते नीट सांगितलं. तिखट लाल असतं आणि तुळस हिरवी, हे त्याला पाठ होतं. मग तिने पदराचा काठ पुढे केला. त्याने तो उजेडाकडे धरला आणि तसाच खाली सोडला.

"म्हंजे ध्यान होतं तुजं," बायजाबाई म्हणाली. बराच वेळ ती त्याच्या दंडाकडे बघत होती. "पानी तांबरलेलं तुला दिसतच नव्हतं."

मग डोळे पुसून पहिली गोष्ट तिने सांगितली ती अशी : "कुनाला बोलू नको. आधी पत्र हातात येऊ दे."

"विमानात मानसं असतात, आये."

"आनी त्यो तुज्याबरोबरचा गोविंदा? पडद्यासमोर बसून झोपतो, तूच सांगतोस ना? त्याला दिसतात सगले रंग."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी शिकलेली. मी म्हटलं, खरं ते लिहून दे कान्हू. इतक्या हुशार माणसाला कोण सोडेल? दुसरं काम देतील, नोंदणीचं, गेटवरचं. आणि अर्जही मीच लिहिला, इंग्रजीत. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत.

आठ दिवसांत डॉक्टरने त्याला रंगीत ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांचं पुस्तक दाखवलं. त्याच संध्याकाळी एजन्सीने बिल्ला काढून घेतला. हातात पत्र आलं, पण ते अपात्र ठरल्याचं. कमळाकर त्याला दरवाजापर्यंत सोडायला आला होता. म्हणाला, "कानात सांगितलं असतंस तर जुन्या मशिनवर बसवला असता तुला. दोन ठेवलीत अजून. सायबाच्या टेबलावर कागद ठेवलास, वर इंग्रजीत. आता माझ्या हातात काय ऱ्हायलं?"

चौथी जागा गोविंदाला मिळाली. गडबहून नकाराचा निरोप आला, तोही दुसऱ्याच्या तोंडी.

बाबाजीला कान्हूने सगळं समजावून सांगितलं. बाबाजीने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आधी का नाय बोललास?" एवढंच बोलून तो मिठागरावर गेला.

पुढच्या मंगळवारी बायजाबाई आली. मापटं भरलं, वरून तळहात फिरवून सपाट केलं आणि माझ्या भांड्यात ओतलं. "माप बरोबर हाय, बघून घ्या," म्हणाली. मला ती कधी ‘घ्या’ म्हणत नसे.

माझं माहेर रोह्याचं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत गेले होते. भावाच्या घरी जाताना कारखान्यांच्या रस्त्याला एका गेटवर खाकी कपड्यात कान्हू दिसला. रिक्षा थांबवली. शिफ्ट सुटत होती. दाराच्या चौकटीवर एकाखाली एक दोन दिवे होते. बाहेर पडताना प्रत्येक कामगार बटण दाबत होता, नशिबाने कुठला तरी एक दिवा लागे. लाल लागला की त्याची झडती, हिरवा लागला की सरळ बाहेर.

माझी नजर दिव्यांवर गेलेली त्याने पाहिली.

"वरचा लागला की तपासायचा," तो म्हणाला. "खालचा लागला की सोडायचा. त्यात काय."

"साहेबांना माहीत आहे?"

"इथं अर्ज नाय दिला, वैनी."

रागाने नाही म्हणाला. माझ्या मुलीची चौकशी केली, घरी सगळे बरे आहेत का विचारलं. तेवढ्यात वरचा दिवा लागला. त्याने त्या माणसाचा डबा घेतला, एकेक कप्पा उघडून आत बघितलं, खालच्या कप्प्यातल्या भाताचा वास घेतला, आणि कडी नीट लावून डबा परत दिला.

मी पेणला परत आले. मंगळवारी बायजाबाई आली तेव्हा सांगणार होते की कान्हू भेटला होता, बरा आहे. तिने मापटं भरलं, तळहात फिरवला. मी नुसतं भांडं पुढे केलं.