वाचून दाखवणारी बाई

बाभुळगावात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बाईला वाचता येत नाही, आणि मला वाचून दाखवण्याची भारी हौस. बावीस वर्षं शाळेत शिकवलं की माणसाला ही खोड लागतेच. कापूस वेचून आली की ती माझ्या ओट्यावर बसायची आणि फोन पुढं करायची. "बाई, पाहा बरं, पोरगी काय म्हणते?"

पोरगी उमरखेडकडच्या एका गावात दिलेली. नवरा मारायचा. फोनवर बोललेलं घरभर ऐकू जाई, म्हणून ती लिहायची आणि लिहिलेलं लगेच आपल्या फोनमधून पुसायची. आईचं उत्तर मी लिहायचे. हे पोरीनंच ठरवलं होतं. दिवाळीला आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "मायले तुम्हीच वाचून दाखवत जा, बाई. दुसऱ्या कोणाच्या हातात फोन जाऊ देऊ नका."

"हे मधात कोणी वाचत तं नाही ना?" आई दर खेपेला विचारायची.

"अवं, कुलूप असते याले. बनवणाऱ्या कंपनीलेबी उघडता येत नाही," मी ठसक्यात सांगायचे. ते खोटं नव्हतं. तिच्या फोनमधल्या सुरक्षेच्या सगळ्या सूचनाही मीच सुरू करून दिल्या होत्या. या गोष्टींत मला फार कळतं, असा माझा समज होता.

शेवटी एकदाचं ठरलं. सोमवारी पोरगी बाजाराच्या नावानं निघणार, उमरखेडच्या स्टँडवर तिचा मामा उभा राहणार, आणि तिथून दोघं थेट यवतमाळची गाडी धरणार. मी सगळं लिहून पाठवलं. "बरं," एवढंच उत्तर आलं. मग चार दिवस काहीच नाही.

शनिवारी दुपारी फोन वाजला. "काय ठरलं होतं ते पुन्हा लिही. माझ्याकडून पुसलं गेलं."

आईचा जीव भांड्यात पडला. त्या मजकुराच्या वर एक बारीक ओळ होती: सुरक्षा कोड बदलला आहे. असल्या ओळी मी वाचून दाखवत नसे. कंपनीची बडबड कोण ऐकतं? मी दिवस लिहिला, वेळ लिहिली, स्टँडवरची जागा आणि मामाच्या शर्टाचा रंगसुद्धा लिहिला. वर "आधार कार्ड विसरू नको" अशी मास्तरीणगिरीही केली.

लगेच उत्तर आलं. "तुले हे वाचून कोण दाखवते?"

पोरीला ते पक्कं माहीत होतं. मी मजकूर वर सरकवून त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. समोरच्यानं फोन बदलला असेल किंवा ॲप नव्यानं टाकलं असेल, असं तिथं साध्या मराठीत लिहिलं होतं. कुलूप शाबूत होतं. तिचं सिम मात्र दुसऱ्या फोनमध्ये गेलं होतं, आणि तो फोन ज्याच्या हातात होता त्याला मी सगळा बेत मुद्देसूद लिहून दिला होता.

"काय म्हणते?" आईनं विचारलं.

मी सांगितलं, माझ्या चुकीसकट. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त भावाला हाक मारली. त्यानं मोटारसायकल काढली, पण उमरखेड काय जवळ आहे? मी पोलिसांना फोन लावला. गाडी पाठवतो म्हणाले, पण पोरीचं गावही तसं आडबाजूलाच.

ती पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसली. "आता मी सांगतो तसं लिहा, बाई. जावईबापू, मी तिची माय बोलून राह्यली. पोरीले हात लावू नका. चूक माही आहे, तिची नाही. तुमच्या पाया पडून राह्यली मी."

एक शब्द इकडचा तिकडं न करता मी लिहिलं आणि पाठवलं. दोन्ही खुणा तेव्हाच निळ्या झाल्या. नावाखाली 'टाइप करत आहे' असं आलं, बराच वेळ राहिलं आणि गेलं.

"वाचा नं, बाई," ती म्हणाली.

वाचायला काहीच नव्हतं.