ओताकार ह्रुबेशचा दुर्मीळ तुकडा

ओताकार ह्रुबेशने आयुष्यात स्वतःच्या डोक्याने कुत्र्याचं घरसुद्धा रचलं नाही, आणि तरी आमच्या मंडळात स्वतःला रचनाकार म्हणवून घेणारा तो एकटाच होता. लेगोचे ठोकळे जोडून मनाजोगे नमुने करणाऱ्या प्रौढ माणसांचं हे मंडळ. दर गुरुवारी आम्ही चौकातल्या बिअरखान्याच्या मागच्या खोलीत जमतो. कोणी पवनचक्की आणतो, कोणी आगगाडीचं इंजिन. ह्रुबेश काही आणत नसे. तो न्यायला येई.

विमा कचेरीत त्याची सगळी नोकरी नुकसानभरपाईचे अर्ज तपासण्यात गेली. लोकांची तळघरं पुरात बुडायची आणि दोष त्यांचाच कसा हे हा शोधून काढायचा. दुसऱ्याची वस्तू उलटीसुलटी करून पाहायची सवय तिथली. निवृत्त झाल्यावर त्याने ती आमच्या नमुन्यांकडे वळवली आणि त्यांच्या जोडणीच्या पुस्तिका काढू लागला.

पुस्तिका करणं हे काम मी हलकं मानत नाही. तयार नमुना वरून एकेक ठोकळा काढत उतरवायचा, प्रत्येक वेळी फोटो घ्यायचा, आणि मग तोच क्रम उलटा करून संगणकावर चित्रं मांडायची. शब्द एकही नाही, म्हणजे आमच्या हाना प्रांतातला पोरगा आणि दूर जपानमधला पोरगा एकाच पुस्तिकेवरून एकच घर बांधू शकतो. चांगली पुस्तिका करणाऱ्याला आधीच कळतं की जोडणाऱ्याची बोटं कुठे अडकतील, कोणता ठोकळा खालच्याच्या सावलीत दिसणार नाही. त्यासाठी जोडणारा माणूस डोळ्यांपुढे असावा लागतो. ह्रुबेशच्या डोळ्यांपुढे ह्रुबेशच असे.

पुस्तिका जाड दिसावी म्हणून तो एका पानावर एकच ठोकळा चढवी. नमुना पाठमोरा फिरवा हे सांगणारा वाकडा बाण मात्र नेमका विसरे, त्यामुळे अर्धं मंडळ मागची भिंत पुढे बांधून बसे. मुखपृष्ठावर त्याचं नाव अशा अक्षरांत, की चित्राला जागा उरू नये. नमुना ज्याचा, त्याचं नाव शेवटच्या पानावर, औषधाच्या वेष्टनावर कारखान्याचा पत्ता असतो तसं.

"ओतो, तुझ्या पुस्तिकेत मी पानं उलटतोय की ठोकळे लावतोय तेच कळत नाही," बेद्रिख एकदा म्हणाला. बेद्रिख बस चालवतो आणि त्याची बोटं सॉसेजसारखी आहेत.

"बसवाल्यांसाठी नसतातच त्या," ह्रुबेश म्हणाला.

"मग कोणासाठी असतात?"

"समज असलेल्यांसाठी."

"म्हणजे तुझ्या एकट्यासाठी. एकच प्रत काढ की मग, कागद वाचेल."

गेल्या वसंतात गावाने ठरवलं की गावच्या पाडून टाकलेल्या ब्रुअरीचा, म्हणजे बिअरच्या कारखान्याचा, ठोकळ्यांचा नमुना जत्रेत विकायला काढायचा. डब्यात ठोकळे, सोबत पुस्तिका, मुखपृष्ठावर रचनाकाराचं नाव. एक डबा गावच्या संग्रहालयात, काचेआड. नगराध्यक्ष श्कात्सेल हे सांगायला स्वतः आले. काच हा शब्द ऐकताच ह्रुबेशचा चेहरा असा झाला, जणू त्यालाच आत ठेवणार आहेत. पुढच्याच गुरुवारी त्याने पुस्तिका टेबलावर टाकली.

"माझीच रचना. अख्खा हिवाळा घातला हिच्यात."

पुस्तिकेतली ब्रुअरी फार सुंदर होती. धुराने काळवंडलेली भिंत तीन करड्या छटांत उतरवलेली, छपरावरचं ते एका बाजूला झुकलेलं धुरांडं जसंच्या तसं. ज्याने ती केली त्याला ती आठवत होती, आणि तिच्यावर जीव होता. ह्रुबेशचा जीव कशावर होता हे आम्ही सगळे जाणून होतो. पण कोणी तोंड उघडलं नाही, कारण पुस्तिका आयती मिळाली होती आणि बिअर थंड होती. आमच्या मंडळाचा बाणेदारपणा एवढाच.

नमुन्याची पहिली प्रत बांधायला बेद्रिखला दिली. तो मद्य उकळायच्या कढईपाशी अडला. कढई म्हणजे तपकिरी गोल ठोकळा, आणि त्यावर फेस म्हणून एक पांढरा, ओबडधोबड, चार उंचवट्यांचा तुकडा. पुस्तिकेच्या शेवटी प्रत्येक तुकड्याचा क्रमांक असतो, त्यावरून तो मागवता येतो. या एकाच्या समोर ह्रुबेशने नुसती रेघ मारली होती.

"जुन्या साच्यातला आहे," ह्रुबेश म्हणाला. "पूर्व जर्मनीत निघायचा. आता मिळत नाही."

"मग डब्यात काय घालायचं?"

"तो गावाचा प्रश्न. रचनेत तडजोड नाही."

हा प्रश्न गावाने बिअरखान्यातच सोडवायचं ठरवलं. त्या गुरुवारी नगराध्यक्ष पुन्हा आले. टेबलाच्या मध्यावर बेद्रिखने बांधलेली ब्रुअरी, छप्पर काढून ठेवलेलं, कढई बोडकी. आज मुखपृष्ठावरचं नाव पक्कं व्हायचं होतं, म्हणून ह्रुबेश टाय लावून आला होता.

"ह्रुबेशसाहेब, फेसाच्या जागी साधा पांढरा ठोकळा चालणार नाही का?" नगराध्यक्षांनी विचारलं.

ह्रुबेशने खिशातून काडेपेटी काढली. आत कापूस, कापसात तो तुकडा. "सगळ्या देशात हा एकच शिल्लक असेल. बाजूला हा काळा ठिपका दिसतोय? साच्याची खूण. जाणकाराला लगेच कळतं."

"इंजिनियरसाहेब, तुम्ही बघा," नगराध्यक्ष माझ्याकडे वळले. मी वाणिज्याचा पदवीधर, पण आमच्याकडे त्यालाही इंजिनियरच म्हणतात. मी म्हणालो की मला साच्यातलं कळत नाही. एवढ्यात दार उघडलं.

आत आल्या डॉक्टर मिलादा झेझुलोवा. निम्म्या गावाचे दात त्यांनी उपटलेत. मंडळाच्या त्या सदस्य आहेत, पण खुब्याचा सांधा बदलल्यापासून क्वचित येतात. काठी टेकत त्या थेट ह्रुबेशपाशी आल्या.

"काय हो ह्रुबेश, माझी पुस्तिका झाली का? बहिणीच्या नातवंडांना पाठवायचीय. ऑक्टोबरात नमुना नेलात, तो सुटे ठोकळे करून पिशवीत परत पाठवलात. तीही कसली पिशवी, उग्र चीजची. ठोकळे दोनदा साबणाने धुतले, अजून वास जात नाही." मग त्यांना टेबलावरची ब्रुअरी दिसली. "हां. झालीय म्हणायची."

ह्रुबेश म्हणाला, "डॉक्टरबाई, आपण नंतर बोलू."

"नंतर कशाला? आणि ही माझी दाढ तुमच्याकडे कशी?"

नगराध्यक्षांनी काडेपेटीतला तुकडा बोटांत धरलेलाच होता.

"दाढ?"

"दुधाची. वरची, डावीकडची. मुळं झिजलेली म्हणून कढईवर बरोबर बसली. पांढरा बारका ठोकळा हाताशी नव्हता, आणि पोरांनी मागे सोडलेले दात माझ्याकडे बरणीभर आहेत."

नगराध्यक्षांनी तुकडा हळूच कापसावर ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. "आणि हा काळा ठिपका?"

"कीड. आई गोड फार देत असणार."

बेद्रिखने कपाळ टेबलाला टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. "साच्याची खूण," तो टेबलाशीच म्हणाला. "पूर्व जर्मनीतली."

दुसरा माणूस असता तर टोपी घेऊन निघाला असता. ह्रुबेशने टाय नीट केला. विमा कचेरीत असंच बोलत असेल. "मूळ कल्पना अंशतः बाईंची असेल. पण नुसती वस्तू कोणीही करतो. तिला क्रम मी दिला. क्रमाशिवाय रचना नाही. एक तुकडा ओळखण्यात चूक झाली, हा किरकोळ तांत्रिक मुद्दा आहे. त्याने मुखपृष्ठावरच्या नावाला बाध येत नाही."

"पण तुम्ही तर म्हणालात की अख्खा हिवाळा घातलात," नगराध्यक्ष म्हणाले.

"घातलाच की."

"मोडण्यात," बेद्रिख म्हणाला.

नगराध्यक्षांनी सुस्कारा टाकला आणि बाईंकडे वळले. "मग डॉक्टरबाई, नाव तुमचंच घालू या ना?"

"ठोकळ्यांवर कसलं नाव घालता?" बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "कोणाचंच नका घालू. पोरं मुखपृष्ठ पहिल्याच दिवशी फाडतात."

हे ऐकून ह्रुबेशच्या तोंडावर जो आनंद पसरला, तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. आपलं नाव गेलं याचं त्याला काही वाटलं नाही, दुसऱ्याचंही येत नाही ना, मग झालं. खांदे सैल पडले. "अगदी योग्य," तो म्हणाला. "मीही हेच सुचवणार होतो. नाव कोणाचंच नको." आणि त्याने ग्लास उचलून समाधानाने मोठा घोट घेतला.

बाई त्याच्याकडे बघत होत्या, तोंड उघडून बसलेल्या रोग्याकडे बघावं तशा.

"थांबा, श्कात्सेल. माझं घाला."

"घालतो, बाई."

"मोठ्या अक्षरांत. डॉक्टर हेही लिहा. आणि फेसाच्या जागी साधा ठोकळा टाका, मला चालतो."

"ह्रुबेशसाहेबांचं नाव शेवटच्या पानावर घालू का? चित्रं त्यांचीच आहेत."

"त्यांनाच विचारा."

ह्रुबेश उठला. त्याने स्वतः दुसऱ्यांना वर्षानुवर्षं शेवटचं पान दिलं होतं, पण ते त्याच्या मापाचं नव्हतं. "मुखपृष्ठावर नसेल तर कुठेच नको."

"मग कुठेच नको," नगराध्यक्षांनी लिहून घेतलं. त्यांना मनातून बरंच वाटलेलं दिसलं.

ह्रुबेशने कोट चढवला आणि मागचं दार न लावताच गेला. बिअर अर्धी तशीच होती. आमच्याकडे बायको सोडून गेली तरी माणूस ग्लास संपवतो. बेद्रिखने त्या ग्लासकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि तो आपल्यापुढे ओढून घेतला.