सुधीरची लढाईवरची गाडी

आमच्या ग्रुपमध्ये सुधीरच्या मोटारसायकलचे इतके किस्से साठलेत, की कोणी नुसतं "ती गाडी" म्हटलं तरी कपातला चहा गार होतो. गाडी ब्रिटिश लष्कराची, दुसऱ्या महायुद्धातली, खाकी. नव्वदच्या सुमाराला सुधीरने ती देवळालीच्या एका भंगारवाल्याकडून टेम्पोत घालून आणली. तेव्हा तो बँकेत क्लार्क होता.

टेम्पोचा आवाज ऐकून वैशालीवहिनी बाहेर आल्या. सुधीरने घाईघाईने सांगितलं, की ही साधीसुधी गाडी नाही, लढाईवर जाऊन आलेली आहे. वहिनींनी गंजलेलं मडगार्ड पाहिलं, फाटकी सीट पाहिली.

"मग परत कशाला आली?"

*

इंजिनातलं एक दातेरी चाक झिजलेलं. पार्ट कुठेच मिळेना. शेवटी मालेगावात यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मिस्त्रीने तो घडवून बसवला. गाडी सुरू झाली, पण आवाज हुबेहूब मागाचा, खटाक-खटाक. सुधीरचा चेहरा पडला. मिस्त्री मात्र खूश.

"साब, इधर से पेट्रोल डालो, उधर से लुंगी निकलेगी."

*

ही गाडी नक्की कुठे लढली, ते सुधीरलाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो समोरचा माणूस बघून आघाडी ठरवायचा. माझ्या मावसोबांना त्याने ब्रह्मदेश सांगितला, बँकेच्या मॅनेजरना आफ्रिका. गणपतीच्या आरतीला नेमके दोघं एकत्र आले आणि वाद पेटला. मॅनेजरनी सुधीरकडे रोखून पाहिलं.

सुधीर शांतपणे म्हणाला, "साहेब, मध्ये बदली झाली."

*

हेडलाइटवर युद्धातलं काळं झाकण होतं, मध्ये बोटभर फट. संध्याकाळी द्वारका चौकात हवालदाराने अडवलं. शत्रूच्या विमानाला उजेड दिसू नये म्हणून ही सोय असते, असं सुधीरने त्याला समजावलं. हवालदाराने मान वर करून आभाळ नीट न्याहाळलं.

"विमानाला नसेल दिसली. मला दिसली. लायसन काढा."

*

आणि सुभेदार मोरे. वय ऐंशीच्या पुढे, नुकतीच बायपास झालेली. तरुणपणी युद्धात अशाच गाडीवरून निरोप पोचवायचे. त्यांना गाडी बघायची होती, म्हणून मुलगा प्रकाश एका रविवारी सकाळी त्यांना सुधीरकडे घेऊन आला. म्हातारबाबा बराच वेळ टाकीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "जरा नुसतं बसतो."

प्रकाशने धरून बसवलं. वहिनींनी चहाला हाक मारली म्हणून आम्ही आत वळलो, तोच मागे खटाक-खटाक. बाहेर येईपर्यंत सुभेदार गल्लीच्या तोंडाशी.

माझ्या गाडीतून आम्ही तिघं मागे निघालो. प्रकाश वडिलांसाठी घाबरलेला, सुधीर गाडीसाठी. हायवेवर ज्याला विचारावं तो पुढे बोट दाखवायचा. सापडले ते थेट तीस-पस्तीस किलोमीटरवर, घोटीला. टपरीवर बसून, डॉक्टरांनी बंद केलेली भजी खात होते.

प्रकाश धावतच त्यांच्यापाशी गेला. "बाबा, नुसतं बसतो म्हणाला होतात ना?"

सुभेदारांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"मग? उभ्याने आलो का?"