खोटी खरखर

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळे त्याला हॅलोमामा म्हणत. एकही भाचा नसताना मामा झालेला बहुधा तो एकटाच. काउंटरच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल, आणि समोर भिंतभर तारांच्या जोड्या.

पुढे काउंटरवर मोबाइलची गर्दी असे. कुणाला रोमिंग हवं, कुणाला कॉल वेटिंग, कुणाला इंटरनेटचा पॅक. नको असलेला नंबर अडवायचीही सोय होती, आणि त्याच्या थोरल्या भावानं ती सात वर्षांपूर्वीच वापरली होती. हॅलोमामाचा नंबर त्याच्या फोनवर लागतच नसे.

लीज लाइनचं मात्र तसं नव्हतं. भाड्यानं घेतलेली तार ती. तिला नंबर नाही, घंटी नाही. इकडे बोललं की तिकडे ऐकू येणार, ऐकणाऱ्याची इच्छा असो वा नसो. बिस्किटांच्या कारखान्याचं ऑफिस या गावात, कारखाना पुढच्या गावात, मध्ये अशी एक तार. आणि पुढच्या गावच्या एक्स्चेंजमध्ये तिच्या दुसऱ्या टोकाला थोरला भाऊ. रोज सकाळी नऊला दोघांनी मिळून ती तपासायची, एकानं यंत्रातून सूर पाठवायचा, दुसऱ्यानं तो ऐकायचा, असा नियम.

"समोरचं केंद्र, ऐकू येतंय?"

"येतंय. सूर पाठवा."

"पाठवला."

"ठीक. नऊ वाजून पाच."

सात वर्षं एवढंच बोलणं. पण तेवढ्यात हॅलोमामाला कळे की दादाला सर्दी झालीय, की आज जिन्यानं दम लागलाय. मागच्या वर्षी दादाचा 'स' निसटायला लागला, तेव्हा त्यानं ओळखलं, पुढचा दात गेला.

सात वर्षांपूर्वी आई गेली त्या सकाळी दादा ड्यूटीवर होता. अख्ख्या गावाच्या लाइनी बंद पडलेल्या. तासाभरात निघतो म्हणाला. हॅलोमामानं तीन तास वाट पाहिली, मग नातेवाईक म्हणाले आता पुरे, आणि त्यानं आईला नेलं. संध्याकाळी दादा दारात आला. हात ग्रीसनं काळे. रिकाम्या खाटेकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेला.

या महिन्यात कारखान्यानं सगळं काम मोबाइलवर नेलं आणि लाइन तोडायचा अर्ज दिला. हॅलोमामा अर्ज हातात घेऊन बराच वेळ बसला. मग त्यानं वहीत लिहिलं: लाइनवर खरखर. तक्रार उभी असेतो लाइन तोडता येत नाही, हाही नियमच.

अकरा दिवस झाले.

"मामा, तुमची खरखर काही बरी होईना," काउंटरवरची बाई म्हणाली. "डॉक्टर तरी बदला!"

"जुनं दुखणं आहे, बाई. वेळ लागणार."

बाराव्या दिवशी सूर पाठवून झाला तरी पलीकडून वेळ सांगितली गेली नाही.

"लाइनवर खरखर नाही," दादा म्हणाला. "अकरा दिवस मी मोजतोय. तक्रार खोटी आहे."

हॅलोमामानं समोरची वही मिटली. "खोटी आहे," तो म्हणाला. "तुटली की तू कुठे ऐकू येणार, दादा?"

पलीकडे पंख्याचा आवाज. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"मी थांबायला हवं होतं त्या दिवशी."

"हो," दादा म्हणाला. "हवं होतं."

मग दादानं विचारलं, अगदी हळू, जणू बाजूला कुणी बसलं असावं, "आईनं माझं नाव घेतलं होतं का?"

हो म्हणणं सोपं होतं. एका शब्दाचं काम. त्या एका शब्दानं दादा कदाचित घरी आला असता, दारातून आत आला असता, चहा घेतला असता. हॅलोमामानं तोंड उघडलं. पण तार इतकी स्वच्छ होती, की दादाचा अडलेला श्वाससुद्धा कानात येत होता.

"नाही," तो म्हणाला. "आदल्या दुपारपासून बोलतच नव्हती. डोळे उघडे होते. दाराकडे."

"दाराकडे."

"हो."

दादा खोकला. एकदा, मग पुन्हा. मग कोरड्या, ऑफिसच्या आवाजात म्हणाला, "तक्रार बंद करा. आजच तोडा. माझ्याकडे आदेश येऊन पडलाय."

"दादा, माझा अडवलेला नंबर..."

"तोडा म्हटलं ना."

हॅलोमामानं वहीत तक्रार बंद केली. उठून भिंतीपाशी गेला, जोडी शोधली आणि एक तार उपसली. एका तारेवर काही ऐकू येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी दुसरीला हात न लावता, रिसीव्हर कानाला धरून तो तसाच उभा राहिला. पुढच्या खोलीत काउंटरवरची बाई कुणाला तरी नवा नंबर देत होती, एकेक आकडा, सावकाश.